हळदीच्या ड्रमला बेल्ट की चेन?

हळद पॉलिश करायचा ड्रम बसवायचा ठरला की मोटर किती एचपीची यावर घरात दोन दिवस वाद होतो. मोटरचा जोर ड्रमपर्यंत कशाने न्यायचा, हे मात्र फॅब्रिकेटरवर सोडून देतात. पुढचा खर्च नेमका तिथेच निघतो.

मोटर मिनिटाला 1440 फेरे घेते, ड्रमला तीसेक पुरतात. म्हणजे वेग टप्प्याटप्प्याने 48 पट उतरवायचा. वेग उतरतो तसा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, चढतो. मधली घट सोडली तर तोही तेवढाच पट.

मोटरच्या तोंडाशी व्ही-बेल्टच घ्या. तिथे वेग जास्त, ओढ कमी. बेल्टचा खडखडाट नाही, त्याला तेल लागत नाही. ड्रममध्ये माल जास्त पडून तो अडला तर बेल्ट घसरतो, रबर जळल्याचा वास सुटतो, पण मोटर वाचते. चेन घसरत नाही. एरवी हा तिचा गुण. ड्रम अडला की एकतर ती तुटते, नाहीतर मोटर जळते.

ड्रमकडच्या टप्प्यात गणित फिरतं. वेग मंद, ओढ प्रचंड. तिथे बेल्ट घालायचा तर तीन-चार शेजारीशेजारी लागतील, आणि घसरू नयेत म्हणून इतके ताणावे लागतील की बेअरिंगचा जीव जाईल. रोलर चेन दातांत बसते, पकडीसाठी ताण मागत नाही. 17 दातांच्या चक्रावरून 51 दातांच्या चक्रावर नेली की वेग बरोबर एक तृतीयांश. लहान चक्राला 17 पेक्षा कमी दात नकोत. 11 दातांवर चेन हिसके देत चालते, प्रत्येक दातामागे वेग सुमारे 4 टक्के खालीवर होतो. 17 वर तो फरक दोनच्या आत येतो.

चेनचा खरा शत्रू हळदच. भुकटी तेलात मिसळून पिवळा लगदा होतो आणि कड्यांच्या सांध्यातल्या पिन-बुशमध्ये शिरून कानशीसारखा घासतो. आपण म्हणतो चेन ताणली. खरं तर ती झिजलेली असते. एक इंच पिचच्या (एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर) 10 कड्या 254 मिमी भरतात. 259 भरल्या की चेन बदला, आणि दात हुकासारखे वळले असतील तर चक्रंही. पत्र्याचं बंद कव्हर पहिल्या दिवशीच करून घ्या.

चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. आमची एकदा उलटी बसली होती. क्लिप भुकटीच्या ढिगात सापडली, चेन ड्रमखाली.