रोटरी टूलवर धातू कापताना वापरायचा बंद गॉगल : एक परीक्षण

रोटरी टूल, म्हणजे छोटी डिस्क वेगाने फिरवणारे विजेचे हत्यार, मुठीत मावते, त्यामुळे त्याच्या धोक्याचा अंदाज हमखास कमी केला जातो. ३८ मिलिमीटर व्यासाची कटिंग डिस्क मिनिटाला ३०,००० फेऱ्यांनी फिरते, तेव्हा तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ६० मीटर असतो. शिवाय काम बारीक असल्यामुळे आपण चेहरा तिच्या अगदी जवळ नेतो. पातळ डिस्क कापलेल्या खाचेत किंचित जरी तिरकी झाली, तरी तिचे तुकडे उडतात. म्हणूनच बोल्ट आणि पत्रा कापताना मी बाजूंनी उघडा चष्मा न वापरता चहूबाजूंनी चेहऱ्याला टेकणारा, पॉलिकार्बोनेट या कणखर प्लास्टिकच्या काचेचा गॉगल वापरतो.

हा गॉगल निवडताना मी सर्वांत आधी त्यावरील खूण पाहिली. ईएन १६६ या युरोपीय मानकाच्या चाचणीत ६ मिलिमीटरची पोलादी गोळी ‘एफ’ खुणेच्या साधनावर सेकंदाला ४५ मीटर वेगाने, तर ‘बी’ खुणेच्या साधनावर १२० मीटर वेगाने मारली जाते. चष्म्याला ‘एफ’च्या वरची श्रेणी मिळत नाही, ‘बी’साठी निदान गॉगल तरी लागतो. डिस्कचा तुकडा त्या गोळीपेक्षा सहसा हलका असल्याने हे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत, तरीही डोळ्यांच्या बाबतीत हाताशी जास्तीची मजबुती असावी, असे माझे ठाम मत आहे. काच आणि फ्रेम यांवरील खुणा वेगळ्या असतील, तर त्यांतली खालची श्रेणीच संपूर्ण गॉगलला लागू होते. काच बदलताना हे आवर्जून तपासावे.

माझ्या दृष्टीने या गॉगलचा खरा गुण त्याची बंद कड हा आहे. डिस्कचे तुकडे क्वचितच उडतात, पण लोखंडाचा बारीक कीस प्रत्येक कापाला उडतो आणि गालावर आपटून उघड्या चष्म्याच्या खालून आत शिरतो. असा कण बुबुळावरील पारदर्शक पडद्यात रुतला, तर काही तासांतच त्याभोवती गंजाचे वलय तयार होऊ शकते. अशा वेळी डोळा न चोळता नेत्रतज्ज्ञांकडेच जावे, आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली, तर ही घटना आधी सांगावी. या गॉगलची हवेची छिद्रे आडवळणाची असल्यामुळे सरळ येणारा कण आत पोहोचत नाही.

मात्र याच रचनेमुळे काचेवर वाफ धरते. आतल्या बाजूला वाफरोधक थर आहे, पण घाम आल्यावर तो पुरा पडत नाही, आणि धूसर दिसू लागले की माणूस गॉगल कपाळावर सरकवतो, हा मला यातला सर्वांत गंभीर दोष वाटतो. काच कोरड्या फडक्याने पुसल्यास तिच्यावरचा कीसच तिला ओरखडे पाडतो, म्हणून ती साबणाच्या पाण्याने धुवावी. ॲसिटोन पॉलिकार्बोनेटला तडे पाडू शकते, तेव्हा ते मुळीच वापरू नये. नंबरचा चष्मा आत सहज मावतो.

चेहरा झाकणारे पारदर्शक कवच मी मोठ्या कामाला लावतो, पण ते खालून आणि बाजूंनी उघडे असल्याने गॉगलच्या जागी नव्हे, गॉगलवरून. काम संपल्यावर केस व भुवया झाडून, मान खाली घालून मगच गॉगल काढावा, कारण कडेवर साचलेला कीस काढतानाच डोळ्यांत पडतो. पट्टा सैल पडू लागला, तर तो लगेच बदलावा.