मुलीच्या हाताला बसलेले कीपर ग्लोव्हज: आठ नंबर, निगेटिव्ह कट, 1,850 रुपये

मी मंगळवार पेठेत ब्लाऊज शिवते. बावीस वर्षं झाली मशीनवर बसून. त्यामुळं फुटबॉलच्या वस्तूबद्दल लिहिताना मी शिवणीपासूनच सुरुवात करणार. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि तीन वर्षं गोलकीपर म्हणून खेळते. आपल्या कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की शाहू स्टेडियम तुडुंब भरतं, पण मुलीच्या मापाचे कीपर ग्लोव्हज शोधायला निघालं की दुकानं पालथी घालावी लागतात. मला चार दुकानं लागली. म्हणून हे सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या कटाचे ग्लोव्हज बऱ्याच कंपन्या काढतात. काय बघून घ्यायचं ते महत्त्वाचं.

पहिली जोडी घेतली तेव्हा मला काहीच कळत नव्हतं. दुकानदार म्हणाला, "ताई, पोरींसाठी वेगळं काय येत नाही. सगळी पोरं हेच नेतात." मी दहा नंबर घेऊन आले. घालून बघितले तर प्रत्येक बोटाच्या टोकाला अर्धा इंच मोकळा. मी शिंपीण, मला वाटलं कापूस भरला की झालं. भरून दिला. पोरगी बिचारी तेच घालून तिच्या पहिल्या स्पर्धेला उभी राहिली आणि चार गोल झाले. त्यातले दोन मी स्वतः बघितले, बॉल सरळ हातात आला होता. रात्री जेवताना म्हणाली, "आई, मी धरलो होतो गं. आतल्या आत ग्लोव्हच फिरला." त्या रात्री मला झोप लागली नाही. पोरीच्या अंगावर दुसऱ्याच्या मापाचा ब्लाऊज मी कधी घातला नसता, मग हातात हे कसं घातलं?

दुसऱ्या दिवशी मी ती जोडी उसवली. तळहाताला वर मऊ लेटेक्स म्हणजे रबराचा थर, खाली पातळ फोम, मग आतलं अस्तर. फ्लॅट कट होता, म्हणजे बोटाच्या पुढच्या-मागच्या दोन पट्ट्या कडेला बाहेरून शिवलेल्या. रुंद पंजाला तो बरा. निमुळत्या बोटांच्या मुलीला आत नुसती पोकळी राहते. निगेटिव्ह कटात शिवण आतल्या बाजूला वळवलेली असते, माया आत जाते, त्यामुळं बोटाला ग्लोव्ह बिलगून बसतो. आपण ब्लाऊजची बाही आतून दाबून घेतो तसंच. हे मला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

मापाची रीत सोपी आहे. अंगठा सोडून, बोटांच्या गाठींच्या खाली, पंजाच्या सगळ्यात रुंद जागी इंची टेप गुंडाळायची. जे माप येईल ते पुढच्या पूर्ण इंचावर न्यायचं आणि त्यात एक मिळवायचा. मुलीचं माप पावणेसात आलं, म्हणजे सात, म्हणजे आठ नंबर. तरीही घालून बघाच. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर जागा हवी, त्याहून जास्त नको. मनगटाचा पट्टा माझ्या मुलीच्या मनगटाला जवळजवळ दोन वेढे बसतो आणि वेल्क्रो चांगला धरतो.

चौथ्या दुकानात आठ नंबर मिळाला. तिथल्या पोरानं तीन जोड्या काढून दिल्या, घालून बॉल धरून बघू दिला, घाई केली नाही. तळहाताचं लेटेक्स चार मिलिमीटरचं आहे. बॉल अंगावर जोरात आला की हाताला झिणझिण्या कमी येतात असं ती सांगते. बोटांत प्लॅस्टिकच्या पट्ट्या नाहीत. तिच्या सरांनीच नको म्हणून सांगितलं होतं, मुठीनं बॉल मारताना बोटं मोकळी वळायला हवीत म्हणून.

तोटाही सांगते. आपल्याकडचं मैदान मातीचं आणि मुरमाचं, त्यावर असलं मऊ लेटेक्स फार टिकत नाही. दोन महिन्यांत डाव्या तळव्याला खपल्या निघाल्या. म्हणून आता ही जोडी फक्त मॅचलाच. शिवाय डाव्या अंगठ्याजवळची शिवण सुटली. मशीनवर घेऊ नका, फोम दाबपट्टीला चिकटून फाटतो. मी नायलॉनच्या दोऱ्यानं हातानं शिवली, तेही फक्त कापडातून. लेटेक्सला सुई लावली तर भोकातूनच ते चिरत जातं. मॅचच्या आधी तळवा थोडा ओला करायचा, खेळून झाल्यावर कोमट पाण्यात हलक्या हातानं धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. उन्हात टाकले की कडक होऊन तडे जातात. आमच्याकडे ते ब्लाऊजच्या दोरीवर आतल्या खोलीत असतात, गिऱ्हाईक बायका विचारतात हे काय म्हणून.

चार गोलांनंतर पोरगी आठवडाभर गप्प होती. तिच्या सरांनी तिला अदिती चौहानची गोष्ट सांगितली. दिल्लीत वाढलेली, आधी बास्केटबॉल आणि कराटे खेळणारी मुलगी. पुढं इंग्लंडला लफबरो विद्यापीठात शिकायला गेली आणि 2015 मध्ये तिथल्या वेस्ट हॅम क्लबच्या महिला संघाची गोलकीपर झाली. तिथं पहिल्याच मॅचमध्ये संघ 0-5 हरला. पाच! माझ्या पोरीनं दोनदा विचारलं, खरंच पाच? आणि त्यानंतरही तीच मुलगी खेळत राहिली, 2016 ची सॅफ म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. मला हे ऐकून डोळ्यांत पाणी आलं.

इंग्लंडची गोलकीपर मेरी अर्प्सही त्याच विद्यापीठात शिकलेली. लेस्टर, डॉनकास्टर, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल, रीडिंग असे क्लब बदलत तिनं सुरुवातीची वर्षं काढली. 2023 च्या महिला फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिनं पेनल्टी अडवली आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम गोलकीपरचा गोल्डन ग्लोव्ह तिलाच मिळाला. आणि त्याच वेळी तिची कीपरची जर्सी नायकीनं विक्रीला ठेवलीच नव्हती. ती विकायला ठेवा म्हणून दीड लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या, तेव्हा थोडा माल बाजारात आला. जगातल्या सर्वोत्तम कीपरच्या जर्सीची ही गत, तर आमच्या आठ नंबरला चार दुकानं लागली यात नवल ते काय. पण दुकानदारांनो, कोल्हापूर फुटबॉलचं गाव म्हणवतो ना आपण? सात, आठ नंबरच्या दोन-दोन जोड्या तरी ठेवा. मागायला मुली येतात, परत जातात.

नव्या ग्लोव्हजची पहिली मॅच गेल्या महिन्यात झाली. चोवीस फूट रुंद, आठ फूट उंच गोल, आणि त्यात माझी पाच फूट चार इंचांची पोरगी. दुसऱ्या हाफमध्ये उजव्या कोपऱ्यात खाली बॉल आला. ती आडवी पडली आणि बॉल हातात तसाच राहिला, निसटला नाही. उठली तेव्हा कोपरापर्यंत माती, आणि पहिल्यांदा तिनं ग्लोव्हकडं बघितलंच नाही, थेट बॉल कुणाला द्यायचा ते बघितलं. मॅच 1-1 सुटली.

1,850 रुपये माझ्यासाठी थोडे नाहीत, पाच-सहा ब्लाऊजची शिलाई आहे ती. वसूल झाले. फक्त परवा पुन्हा माप घेतलं तर टेप सव्वासातला भिडली, म्हणजे पुढच्या हंगामाला नऊ नंबर शोधायला लागणार.