पहिलटकरणींनी इथे जरूर जावं
पुण्यातलं आमचं मॅटर्निटी होम, ५ पैकी ४ स्टार. ३९ आठवडे भरले, रिपोर्ट सगळे नॉर्मल, पण कळांचा पत्ता नाही, आणि मावसबहीण म्हणाली कळा आणायचं औषध दिलं की सिझर ठरलेलंच. डॉक्टर मॅडमनी अर्धा तास बसवून नीट सांगितलं की अमेरिकेत ६००० वर पहिलटकरणींचा अभ्यास २०१८ ला छापून आला, त्यात ३९व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझर १८.६ टक्के आणि थांबलेल्यांत २२.२, म्हणजे उलटंच! तरी घाई नाही केली, म्हणाल्या निर्णय तुझा. मी थांबले, मधे एनएसटी (बाळाच्या ठोक्यांची तपासणी) आणि बाळाभोवतीचं पाणी बघायला सोनोग्राफी, ४० आठवडे ५ दिवसांना कळा आपोआप आल्या, नॉर्मल झाली. एक स्टार कापला कारण डिस्चार्जच्या बिलाला ३ तास लावले, तेही टाके दुखत असताना.