एका हातात मावणारा फोन: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या जुलैच्या शेवटी घेतला, म्हणजे पाऊस, गणपती, दिवाळी, थंडी आणि आता हा मार्चचा उकाडा, पुण्यातलं सगळं या फोनने बघितलंय, म्हणून आता लिहितोय. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण खाली दोन-तीन तक्रारी आहेत आणि माझ्या एका पीसवरून अख्ख्या कंपनीला नावं ठेवणं मला पटत नाही. एवढं सांगतो की ६.३ इंची आहे, स्नॅपड्रॅगनची वरच्या लाइनमधली चिप, १२ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज.

आधी साइजचं सांगतो, कारण फोन त्यासाठीच घेतला. मी रोज पीएमपीच्या बसने कात्रजवरून शिवाजीनगरला जातो, स्वारगेटपर्यंत बसायला मिळणं अवघडच, त्यामुळे एक हात वरच्या दांड्याला आणि दुसऱ्या हातात फोन, कंडक्टर आला की त्याच हाताने अ‍ॅप उघडायचं, क्यूआर स्कॅन करायचा, पिन टाकायचा. आधीचा ६.७ इंची होता. त्यावर अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचायचा नाही, मग करंगळीचा टेका देऊन फोन तळहातात वर-खाली सरकवायचा आणि नेमका तेव्हाच पद्मावतीला ड्रायव्हर ब्रेक मारायचा. दोनदा पडला, दुसऱ्या वेळी कोपऱ्यातून काच गेली. आता तेच सगळं एका अंगठ्यात होतं आणि करंगळीला पडलेला खड्डासुद्धा भरून आलाय. आठ महिन्यांत एकदाही हातातून सुटला नाही.

छोट्या फोनचं वेड तसं जुनं आहे माझं. २०१४ ला पहिला मोटो जी घेतला तो ४.५ इंची होता आणि तेव्हा तोच भरपूर वाटायचा, बोला. नंतर स्क्रीन वाढतच गेल्या. २०१९ चा गॅलेक्सी एस१०ई, ५.८ इंची, मित्राकडून आठवडाभर मागून वापरलेला, त्याची पकड अजून हाताला आठवते. आयफोन १३ नंतर आयफोनचा छोटा मिनी बंद झाला, झेनफोन ९ ची वाट बघितली तर तो भारतात आलाच नाही. मग २०२५ ला वनप्लस १३एस, विवो एक्स२०० एफई असे एकामागोमाग एक इथे यायला लागले तेव्हा जीव भांड्यात पडला. यामागे मोठा हात बॅटरीचा आहे असं मला वाटतं, नुसत्या ग्राफाइटऐवजी त्यात सिलिकॉन-कार्बन घातलं की तेवढ्याच जागेत जास्त चार्ज मावतो, त्यामुळे छोटा फोन म्हणजे दुपारी मेलेला फोन हे गणित बदललं.

घेताना एक गोष्ट हट्टाने केली आणि तुम्हीही करा. दुकानात डेमो फोनच्या पाठीला अलार्मचा ठोकळा चिकटवलेला असतो, त्यामुळे वजन आणि तोल काही कळत नाही. लक्ष्मी रोड, डेक्कन अशी तीन दुकानं फिरलो, तिसऱ्या दुकानातल्या मुलाने ठोकळा काढून फोन हातात दिला, पाच मिनिटं उभ्याने टाइप केलं, खिशात टाकला, काढला, तिथेच ठरलं. कव्हर पासोड्या विठोबापाशी घेतलं, अजून तेच आहे. ऑगस्टमध्ये जीएसटी कमी होणार म्हटल्यावर आपण घाई केली की काय असं वाटलं होतं, पण २२ सप्टेंबरला ३२ इंचांपेक्षा मोठा टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आला, मोबाइल आधीही १८ ला होता आणि १८ लाच राहिला.

कॅमेऱ्याची खरी परीक्षा विसर्जनाला झाली. अलका चौकात ढोलपथकाच्या अगदी समोर उभा होतो, पहिला व्हिडिओ घरी येऊन लावला तर ताशा नुसता फाटल्यासारखा, कर्रर्र आवाज. इतक्या जवळून इतका मोठा आवाज आला की माइक ओव्हरलोड होतो आणि एकदा तसं रेकॉर्ड झालं की नंतर कितीही एडिट करा, तो नीट होत नाही. नशीब मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालू होती. परत गेलो, प्रो व्हिडिओ मोड लावला, माइकचा लेव्हल एकदम खाली आणला आणि तेव्हा कुठे ढोलावरच्या काठीचा म्हणजे टिपरूचा आणि हाताच्या थापीचा आवाज वेगवेगळा ऐकू आला, ताशाची तर्री स्पष्ट. ढोलपथकाचं शूटिंग करणार असाल तर ज्या फोनमध्ये माइकचा लेव्हल हाताने कमी करता येतो तोच घ्या, मेगापिक्सल नंतर बघा. गुलाल मात्र स्पीकरच्या जाळीत गेला, मऊ ब्रशने काढला तरी इअरपीसच्या कडेला अजून बारीक गुलाबी रेघ आहे आणि ती मला आवडते.

सुट्टीच्या दिवशी स्कूटर असते आणि त्यावरून एक कळकळीने सांगायचंय. आधीचा फोन हँडलच्या होल्डरला लावून मी दीड वर्ष मॅप बघितला आणि एक दिवस कॅमेरा उघडल्यावर चित्र थरथरायला लागलं, फोकस लागेना, आतून टकटक आवाज. ओआयएसमध्ये, म्हणजे हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून कॅमेऱ्यात असलेल्या सोयीत, लेन्स किंवा सेन्सर अगदी नाजूकपणे तरंगत ठेवलेला असतो, इंजिन आणि खड्ड्यांची थरथर त्याला सोसत नाही. अ‍ॅपलने तर २०२१ मध्येच मोठ्या इंजिनाच्या बाइकवर आयफोन लावू नका असं जाहीर सांगितलं होतं, ते मी फोन बिघडल्यावर वाचलं. हा फोन होल्डरला एकदाही लावला नाही, खिशात ठेवतो आणि एका कानात मॅपचा आवाज. कॅमेरा पहिल्या दिवसासारखा आहे.

आता तक्रारी. नोव्हेंबरच्या अपडेटनंतर कॉल चालू असताना स्क्रीन जागी राहायची आणि गालाने म्यूट दाबला जायचा, आई पलीकडून हॅलो हॅलो करत बसायची, तीन आठवडे तसंच चाललं, पुढच्या अपडेटने गेलं. दुसरं, सिंहगडावर भर दुपारी फोरके शूट केलं की दहा मिनिटांत फोन तापतो आणि ब्राइटनेस आपोआप उतरतो, उन्हात काही दिसत नाही. छोट्या अंगात उष्णता पसरायला जागा कमी, हे मान्य, तरी एवढ्या पैशात जरा बरं हवं होतं. तिसरं, पावसात पोर्टमध्ये ओल आली की चार्जिंग बंद पडतं. हे संरक्षणासाठीच आहे, पण ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा व्हायचं. आयपी६८ या पाणी-धुळीपासून बचावाच्या रेटिंगची टेस्ट गोड्या, शांत पाण्यात लॅबमध्ये होते, स्कूटरवर तोंडावर मारणाऱ्या पावसाचा तिथे संबंध नाही. हेअर ड्रायर लावू नका, पोर्ट खाली करून पंख्याखाली ठेवा, तासाभरात सुकतो.

बॅटरी सकाळी सातला ८० टक्क्यांवर निघते आणि रात्री दहाला वीसच्या आसपास असते, त्यात बसमधला तासभर व्हिडिओही आला. ८० ची मर्यादा पहिल्या दिवसापासून लावलीय, ट्रेकला जाताना तेवढी काढतो, कारण लिथियम बॅटरी पूर्ण भरून गरम जागी पडून राहिली की लवकर म्हातारी होते. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आलाय की ८०० सायकलनंतर (एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के चार्ज वापरला जाणं) बॅटरीत निदान ८० टक्के जीव राहिला पाहिजे, म्हणून आता सायकलचा आकडा बघायची सवय लागलीय. काल रात्री बघितला, १९६ सायकल, हेल्थ ९८. दरवर्षी मार्चपर्यंत माझं पुढच्या फोनचं शोधणं सुरू झालेलं असतं, यंदा अजून एकाही लाँचचा व्हिडिओ बघितलेला नाही.