समुद्रासमोर बसून बासा: दोन मुक्कामांनंतरचा हिशेब

जुलैत पहिला मुक्काम करून आल्यावर मी या रिसॉर्टला चार तारे दिले होते. नोव्हेंबरात दुसरा झाला, आणि आज त्यातला दीड तारा काढून घेतेय. दक्षिण गोव्यात, वार्का ते केळशी या पट्ट्यातलं हे ठिकाण. नाव लिहीत नाही, कारण एक मुक्काम अजून बाकी आहे आणि ह्यांना भांडण नको आहे. पूल, स्पा, कोणत्या खोलीतून समुद्र दिसतो, हे फोटोंत दिसतं. मला बोलायचंय ते माशांबद्दल.

मे महिन्यात आमच्या डोंबिवलीत एका प्रदर्शनात ह्यांनी व्हाउचर घेतलं. लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. वर्षभरात तीन वेळा, दोन-दोन रात्री, एकूण ७२,००० रुपये. म्हणजे रात्रीला दोघांचे १२,००० आणि खाणंपिणं सगळं त्यात. हे ‘सगळं त्यात’ लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हे साताऱ्याकडचे. वर्षाकाठी दोन बिअर, त्याही मेहुण्याच्या आग्रहाखातर. मनगटाला निळा पट्टा अडकवताच डायरी काढून रकाने आखले: बिअर, लिंबू सोडा, कोकम, चहा. पहिल्या संध्याकाळी सात लिंबू सोडे पिऊन रात्रभर येरझाऱ्या घातल्या. तरी वसुली काही होईना. अशा पॅकेजमध्ये फायदा होतो तो पिणाऱ्यांचा, आणि गोव्यात दारू मुळातच स्वस्त, त्यामुळे तोही बेताचाच. आमच्यासारख्यांनी नाश्ता धरून खोली घ्यावी आणि जेवायला बाहेर पडावं. फक्त टॅक्सीचा विचार करून ठेवा. ओला-उबर इथं चालत नाहीत, आणि मडगावहून येताना मोजलेले पैसे ह्यांनी डायरीत लाल पेनानं लिहिलेत.

जुलैतला पाऊस मात्र दृष्ट लागावी असा. किनाऱ्यावर लाल बावटे, पाण्यात पाऊल टाकायची सोय नाही, शॅक्स मोडून ठेवलेले, आणि अख्ख्या रिसॉर्टात आम्ही धरून दहा-बारा जोडपी. दुपारी बुफेत ‘गोअन फिश करी’ अशी पाटी दिसली. माझं माहेर मालवण. झाकण उचललं, चमचा घातला आणि कळलं. बासा!

बासा खाणाऱ्यांनी राग मानू नये. हा मुळात मेकाँग नदीकडचा, गोड्या पाण्यातला मासा. आता आपल्याकडे आंध्रातल्या तळ्यांत वाढवतात. काटा नाही, वास नाही, स्वतःची अशी चवही नाही. पनीरचा मावसभाऊ. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते हे लहानपणापासून माहीत, त्यामुळे मी समजून घेतलं. स्वस्तात मिळतं म्हणून आपणच पावसाळ्यात आलो, मग ताजे मासे कुठून देतील? नाश्त्याला पाव गावातल्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा होता, गरम, कोंड्याचा पोय. एसी गळत होता, तो अर्ध्या तासात दुरुस्त केला. चार तारे तिथले.

नोव्हेंबरात दुसऱ्या दिवशी सकाळी सातला किनाऱ्यावर गेलो तर रापण ओढणं चाललेलं. दोन्ही टोकांना दहा-दहा माणसं, कमरेतून मागे झुकलेली, दोर इंचाइंचानं वाळूवर येतोय. ह्यांनीही हौसेनं दोर धरला आणि दहा मिनिटांत तळहात सोलून घेतले. जाळं वर आलं तेव्हा आत बांगडे नुसते उसळत होते. तारले, दोन-चार खेकडे, एक बिचारा फुगलेला केंड. बायकांनी टोपल्या पुढे केल्या, वाटे पडले. हे सगळं रिसॉर्टच्या फाटकापासून दोनशे पावलांवर.

दुपारी एक वाजता बुफेत परत तीच पाटी आणि खाली परत बासा.

मी शेफला बोलावून घेतलं. गडी सभ्य निघाला. म्हणाला, “मॅडम, दीडशे खोल्या आहेत. रापणीला आज चार टोपल्या, उद्या काहीच नाही. आणि काटा लागला की बाकीचे पाहुणे तक्रार करतात.” खोटं कशाला बोलू, पटलं मला. मनातल्या मनात अर्धा तारा परतही दिला.

तो अर्धा तारा रात्रीपर्यंतच टिकला. जेवणाच्या वेळी बर्फाची गाडी फिरवत वेटर आला, वर पापलेटं आणि इसवण, म्हणजे सुरमई, मांडलेली. “कॅच ऑफ द डे, मॅडम, कुठला करू?” मनगटावर पट्टा होता, मी पापलेट दाखवलं. निघताना बिलात २,१०० रुपये, वर दहा टक्के सेवाशुल्क. विचारलं तर व्हाउचरच्या मागची ओळ दाखवली: ‘प्रीमियम सीफूड वगळून’. अक्षरं इतकी बारीक की ह्यांना चष्मा पुसावा लागला. पण वेटरनं तेव्हा तोंडानं सांगायला नको का?

सेवाशुल्कावर मात्र हे अडून बसले. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही त्या उचलून धरल्या. हे सगळं ह्यांनी काउंटरवर सावकाश, साताऱ्याच्या आवाजात सांगितलं. १९१५ हा हेल्पलाइन नंबरही लावून दाखवायची तयारी केली. २१० रुपये सुटले. ती गोष्ट आमच्या सोसायटीत आता सगळ्यांना पाठ आहे. गेलेल्या २,१०० बद्दल कोणी विचारत नाही.

पण मला जे लागलं ते बिलाच्या आधीचं. निघायच्या दिवशी सकाळी सामान बांधून मागच्या फाटकाशी छत्री परत द्यायला गेले होते, आणि वास आला. तिरफळाचा, आमच्याकडे बांगड्याच्या आमटीत घालतात त्या मसाल्याचा. तो वास मी झोपेतही ओळखीन. पत्र्याच्या शेडखाली कामगार जेवायला बसले होते. स्टीलच्या ताटात उकड्या तांदळाचा भात आणि लालभडक हुमण, त्यात बांगड्याचे जाड तुकडे, डोक्यासकट.

“बांगडो काय रे?” मी विचारलं.

“हय. स्टाफाचें,” पोरगा ओशाळून म्हणाला आणि लगेच उठून ताट वाढायला लागला. मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. उलट्या बादलीवर बसून जेवले, काटे बोटांनी काढत, आणि दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली. हे शोधत आले तेव्हा मी तिरफळाच्या बिया ताटाच्या कडेला लावत होते.

“अगं, याचे पैसे?” हे म्हणाले.

“अहो, सगळं त्यात,” मी म्हटलं.

म्हणजे बांगडा रोज येतो, शिजतो, आणि पाहुण्यांपासून लपवला जातो. दोन रात्रींत सगळ्यात चांगलं जेवण फाटकामागे मिळालं, तेही फुकट. ते पोराचं श्रेय, रिसॉर्टचं नाही, म्हणून अडीचच तारे.

तिसरा मुक्काम एप्रिलपर्यंत संपवायचा आहे. हे म्हणतात मेहुण्याला देऊन टाकू, निदान बिअरचे तरी वसूल होतील. मी परवा बुकिंग करून टाकलं. फॉर्ममध्ये ‘विशेष विनंती’ असा रकाना होता. त्यात लिहिलं: स्टाफचं जेवण. अजून उत्तर आलेलं नाही.