हवाबंद पाकिटातले मिस्वाक आणि सोबतची लवंग तेलाची कुपी: तीन आठवड्यांच्या वापरानंतर

पीलूच्या झाडाच्या, म्हणजे साल्वाडोरा पर्सिकाच्या, मुळापासून किंवा फांदीपासून केलेले दातवण, म्हणजेच मिस्वाक, आता प्लास्टिकच्या हवाबंद पाकिटात मिळते. पाच काड्या आणि त्यांच्यासोबत लवंग तेलाची बोटभर कुपी असा एक संच मी तीन आठवडे रोज वापरला. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘संशोधनाने सिद्ध, ब्रशहून अधिक प्रभावी’ असे छापलेले आहे. ते वाचूनच मी हा संच घेतला, त्यामुळे परीक्षणही त्याच दाव्याच्या कसोटीवर करणे योग्य ठरेल.

दाव्याला आधार नाही असे म्हणता येणार नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २१ ते ३६ वर्षे वयाच्या १५ सौदी पुरुषांना आळीपाळीने मिस्वाक आणि ब्रश वापरायला दिले होते, आणि मिस्वाकच्या काळात दातांवरचा थर व हिरड्यांची सूज ही दोन्ही ब्रशच्या काळापेक्षा अधिक कमी झाली. मात्र ही काडी ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, त्याच समाजातली ही माणसे होती, आणि काडी कशी धरावी व कशी फिरवावी याचे शिक्षणही त्यांना देण्यात आले होते. आयुष्यात प्रथमच मिस्वाक हातात घेणाऱ्या माझ्यासारख्या ग्राहकावर तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याची वेळ दाखवून पोहण्याचा पोशाख विकण्यासारखे आहे.

माझा स्वतःचा अनुभव हेच सांगतो. दातांवरचा थर रंगवून दाखवणाऱ्या गोळ्या मिळतात. दर तीन-चार दिवसांनी रात्री मी अशी एक गोळी चघळून आरशात पाहत असे. समोरच्या दातांची बाहेरची बाजू पहिल्या आठवड्यातच स्वच्छ दिसू लागली आणि जिभेला ती काचेसारखी गुळगुळीत लागत होती, हे प्रांजळपणे सांगायला हवे. पण खालच्या दाढांच्या जिभेकडील बाजूवर गुलाबी पट्टा शेवटपर्यंत तसाच राहिला. याचे कारण साधे आहे: ब्रशचे केस दांडीला काटकोनात असतात, तर काडीचे तंतू तिच्याच रेषेत पुढे येतात, त्यामुळे आतल्या बाजूला पोहोचायचे तर मनगट विचित्र वळवावे लागते. पाकिटातल्या सूचनापत्रात याबद्दल अवाक्षरही नाही. ‘टोक चावून मऊ करा आणि घासा’ एवढ्यावर ते थांबते. काडी आधी पाण्यात भिजवावी, टोकाची सुमारे सेंटिमीटरभर साल सोलावी आणि वापरलेले टोक रोज कापून टाकावे, या मूलभूत गोष्टीही मला इतरत्र शोधाव्या लागल्या.

ताजेपणाचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. मिस्वाकचा जंतुनाशक गुण मोठ्या प्रमाणात बेंझिल आयसोथायोसायनेट या द्रव्याकडे जातो. मोहरी किंवा मुळा चावल्यावर नाकात जो झणका जातो, त्याच कुळातले हे द्रव्य असून ऊती चिरडल्यावर ते तयार होते आणि सहज उडून जाते. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मिस्वाकचे तुकडे जिवाणूंच्या थाळीत रोवून पाहिले, आणि थाळीला स्पर्श न होऊ देता वर अधांतरी धरूनही पाहिले. स्पर्श नसतानाही जिवाणूंची वाढ रोखली गेली. म्हणजे काम वाफेचे होते. हिरड्यांच्या रोगाशी संबंधित जिवाणूंवर हा परिणाम तीव्र होता. दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस म्युटन्सवर तो तुलनेने सौम्य होता. माझ्या पाकिटातली पहिली काडी चावली तेव्हा जिभेला किंचित चुरचुर झाली, पण उघड्या पाकिटात बारा दिवस राहिलेली चौथी काडी चवीला निव्वळ लाकूड होती. तिचे तंतूही कोरडे पडून तुटत होते आणि त्यातला एक दोन दातांच्या फटीत अडकून बसला. पाकिटावर पॅकिंगची तारीख आहे. काडी झाडावरून केव्हा तोडली, ती मुळाची की फांदीची, याचा उल्लेख नाही.

‘नैसर्गिक फ्लोराइडयुक्त’ हा दुसरा दावा तर मला दिशाभूल करणाराच वाटतो. काडीत फ्लोराइड असते, परंतु अत्यल्प. कीड रोखण्यासाठी टूथपेस्टमध्ये साधारण १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असते आणि त्याची जागा ही काडी घेऊ शकत नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून मी रात्री पेस्ट व ब्रश आणि दिवसा काडी असा क्रम ठेवला. जोर लावून आडवे घासल्यामुळे नवव्या दिवशी डाव्या सुळ्याजवळच्या हिरडीतून रक्त आले, तेव्हापासून हातही हलका केला. मिस्वाक वापरणाऱ्यांत हिरड्या खाली सरकल्याच्या नोंदी सौदी अरेबियातल्याच पाहण्यांमध्ये आहेत, म्हणून ही सूचना पाकिटावर असायलाच हवी होती.

आता कुपीविषयी. लवंग हे घरगुती औषध संशोधनाच्या कसोटीला बऱ्यापैकी उतरले आहे. तिच्यातले युजेनॉल हे मुख्य द्रव्य झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दंतवैद्य दीर्घकाळ तात्पुरते भरण करत आले आहेत. कुवेतमध्ये ७३ प्रौढांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वरच्या सुळ्याजवळ गालाकडच्या बाजूला सुई टोचण्यापूर्वी लवंगेचा लेप लावला, तेव्हा वेदना २० टक्के बेंझोकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या लेपाइतकीच कमी झाली. पण तो लेप दळलेल्या लवंगेचा आणि ग्लिसरीनमध्ये केलेला होता. माझ्या कुपीत निर्भेळ तेल होते आणि तिच्यावर ‘थेट हिरडीवर लावा’ अशी सूचना होती. मी कापसाच्या बोळ्याने एक थेंब लावला, आणि मिनिटभरात बधिरपणा आला हे खरे, पण दुसऱ्या दिवशी त्या जागी पांढरट चट्टा पडून कातडी सोलली गेली. पातळ न केलेले तेल तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेला भाजते, आणि लहान मुलाच्या पोटात गेल्यास यकृताला अपाय करू शकते. कुपीला साधे फिरकीचे झाकण आहे, ते मुलांनाही उघडता येईल.

ताजी काडी मिळाली तर दिवसा ब्रश जवळ नसताना मी मिस्वाक पुन्हा आनंदाने वापरेन. हा संच मात्र पुन्हा घेणार नाही. उरलेली पाचवी काडी ओल्या कपड्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली आहे, आणि कुपी औषधांच्या कपाटात सर्वांत वरच्या फळीवर.