श्रीलंका का थायलंड? रेल्वेवेड्यायसाठी

मूर्तिजापूरचा दोस्त इचारून राह्यला, पाच दिवसात कुठं जाऊ. शकुंतला, आपली छोटी नॅरोगेज गाडी, बंद पडल्यापासून थो असाच बेचैन आहे.

खर्चात श्रीलंका सोपी, नागपूरवरून चेन्नई गाडीनंच गाठायची आन तिथून कोलंबोचं विमान दीडेक तासाचं. बँकॉकले विमानाचेच पैसे जास्त लागतात, मंग तिथली गाडी कितीही सस्ती असो.

आता खरी मजा. कोलंबो-बदुल्ला लाइन आपल्यासारखीच ब्रॉडगेज, म्हंजे रुंद रुळाची, पण चढत चढत पट्टीपोलाले जवळपास 1,900 मीटरवर जाते, देमोदराले तर गाडी गोल फिरून आपल्याच स्टेशनाखालच्या बोगद्यातून निघते, हे पाहाले मी दोनदा जाईन! पूर्ण प्रवास नऊ-दहा तासाचा, रिझर्वेशन लवकर संपते, आन पावसात दरड कोसळते म्हणून लाइन चालू आहे का ते आधी पाहा.

थायलंडची मीटरगेज, म्हंजे एक मीटर रुंद रुळाची, अकोला-खंडव्याच्या जुन्या लाइनची आठवण येते. क्वाय नदीचा पूल, 1942-43 मधी युद्धकैद्यायकडून बांधून घेतलेली लाइन, आन मेकलाँगचा रुळावरचा बाजार. पण बँकॉकवरून या लाइनच्या शेवटच्या स्टेशनाले, नाम टोकले, दिवसाच्या दोनच गाड्या, चुकली का बसा.

घाट, बोगदे पाह्यजे तं श्रीलंका. इतिहास पाह्यजे, आन संग बायकोले शॉपिंग बी, तं थायलंड.